पाच पायांचा घोडा

वकीलबाईंनी कागद माझ्याकडे सरकवले आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं. सोळा पानं होती. माझ्या नवऱ्याच्या वकिलाने पाठवलेली. कागदोपत्री तो अजून नवराच आहे, म्हणून नवरा म्हणायचं. मुद्दा एकच, की आमची नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे राहू नये, त्याच्याकडे राहावी. सोमवारी सुनावणी आणि आज गुरुवार. पहिल्याच पानावर माझा फोटो होता. लॅबमधल्या एकीच्या निरोपाच्या पार्टीत मी हातात ग्लास घेऊन दात दाखवत हसतेय. ग्लासात लिंबूपाणी होतं, पण लिंबूपाण्याचा फोटो काही तसं सांगत नाही. फोटो तिने टाकलेला, माझं नाव जोडून, आणि खाली मी, अक्कल गहाण ठेवून, लिहिलेलं: किती दिवसांनी मोकळी! त्याच संध्याकाळी पोरगी त्याच्याकडे तापाने फणफणलेली होती, हे तारखेसकट शेजारी छापलं होतं. मला कुणी कळवलं नव्हतं तापाचं. ते मात्र कुठे छापलेलं नव्हतं. मी पानं उलटत गेले. माझी जुनी वाक्यं, माझे वैताग, बॉसला दिलेल्या शिव्या, सगळं पांढऱ्यावर काळं. आणि नवव्या पानावर ती ओळ. 'कधी कधी वाटतं, हिला त्याच्याकडेच टाकावं आणि आठ दिवस नुसतं झोपून राहावं.' खाली जाड रेघ मारलेली. ही ओळ मी लिहिली होती. पण जगात फक्त एका माणसाला लिहिली होती, माझ्या सख्ख्या ताईला.

माझं डोकंच फिरलं. 'आलेच' म्हणून मी बाहेर आले आणि जिन्यातून ताईला फोन लावला. ती म्हणाली, 'बोल गं,' आणि मी बोलले. काय काय बोलले ते आता आठवतानाही कानशिलं तापतात. तू त्याला फितूर झालीस, तुला तो आधीपासूनच आवडायचा, भावजी भावजी करत त्याला जावयाच्या थाटात वाढायचीस, आता माझी पोर घालव हातची. वरच्या मजल्यावरून एक माणूस फायली घेऊन उतरत होता, तो भिंतीला चिकटून गेला. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'तुझं डोकं ठिकाणावर आलं की फोन कर,' आणि ठेवला. लहानपणी आमचं भांडण झालं की ती अशीच दार न आपटता खोलीबाहेर जायची, आणि मला वाटायचं, आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी तशीच कठड्याला धरून उभी राहिले. लग्न मोडताना माणूस नवऱ्याला गमावतो हे ठाऊक होतं, त्याची तयारी केली होती. बहीणही त्यातच जाते हे कुणी सांगितलं नव्हतं.

आत आले तेव्हा नववं पान टेबलाच्या पलीकडच्या कडेला पडलं होतं, उलटं, माझ्यापासून हातभर लांब. मी दात बनवते. कृत्रिम दात. आमच्या धंद्यात रंग जुळवताना पाच सेकंद बघायचं, बस. पहिल्या पाच सेकंदांत डोळा खरं सांगतो, त्यानंतर तो सरावतो आणि समोर असेल ते बरोबरच वाटायला लागतं. मग राखाडी पुठ्ठ्याकडे बघून डोळा धुवायचा आणि पुन्हा पाच सेकंद. तो पुठ्ठा माझ्या कोटाच्या खिशात कायम असतो. जिन्यातली राखाडी भिंत बघून माझा डोळा धुतला गेला असावा, कारण आता मला ओळ दिसलीच नाही. तिच्या मागचं दिसलं. अक्षरांच्या चौकटींच्या मागे, छपाईत फिकट झालेला, एक घोडा होता. आणि त्याला पाच पाय होते. तो घोडा माझ्या फोनवर नाही, ताईच्याही नाही. तो फक्त जुन्या टॅबवर, निरोप दिसतात त्या पडद्याच्या मागे लावलेला आहे, आणि तो टॅब नवऱ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर असतो. पोरीने काढलेला घोडा. मी विचारलं होतं, 'पाचवा पाय कशाला गं?' तर म्हणाली होती, 'एक थकला तर.' घर सोडताना मीच माझं खातं त्या टॅबला जोडून दिलं होतं, म्हणजे तिला तिथून मला चित्रं पाठवता येतील, बोलून काही धाडता येईल. मीच, माझ्या हाताने, हौसेने. चित्रं यायची तो रस्ता उघडा ठेवला आणि त्याच रस्त्याने माझं सगळं बोलणं त्या टेबलावर जात राहिलं. चार महिने.

वकीलबाई खूश झाल्या. 'अहो, हे तर आपल्या पथ्यावर पडलं! परवानगीशिवाय वाचलंय त्यांनी.' चहा आला होता, त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. मग बोटं मोजत नियम सांगितले: काही पुसायचं नाही, काही लिहायचं नाही, कुणाच्या फोटोला अंगठासुद्धा दाखवायचा नाही. 'सोमवारपर्यंत तुम्ही मुक्या आहात असं समजा. आणि तो टॅब तुमच्या खात्यापासून आत्ताच्या आत्ता तोडा.' मी फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. खरंच होतं. 'बटणचा टॅब', म्हणजे आमच्या पोरीचा, आणि पुढे हिरवा ठिपका. मी त्यांच्यासाठी त्या यादीचा फोटो काढून ठेवला, पण तोडलं नाही. म्हटलं, साडेतीनला तोडते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'साडेतीनला काय मुहूर्त आहे?' शाळा सुटते, म्हटलं. पोरीने घरी जाऊन टॅब उघडला आणि आई त्यातून नाहीशी झालेली असली तर? आधी तिला सांगणार, मग तोडणार. तोवर एक अक्षर लिहीत नाही. त्यांनी खांदे उडवले. मग अगदी सहज, साखर विचारावी तसं विचारलं, 'तुमच्याकडे त्यांचं काही आहे का हो? असंच, नजरेस पडलेलं?' होतं. आमच्या घराचा एक फोटोंचा सामायिक अल्बम आहे, पोर झाली तेव्हा केलेला, आणि त्याच्या फोनमधले फोटो अजून आपोआप त्यात पडतात. त्यालाही ते आठवत नसणार. मागच्या महिन्यात त्यात एक औषधाची पट्टी आली होती, दुकानदाराला दाखवायला काढलेली असेल. झोपेच्या गोळ्या, आणि साध्यासुध्या नव्हेत. मी त्या पाच सेकंद पाहिल्या होत्या आणि मग बराच वेळ पाहिल्या होत्या. एका पट्टीत सोळा पानांचं उत्तर होतं. रात्री गोळी घेऊन पडणाऱ्या माणसाकडे पोर ठेवणार का, एवढं विचारलं की झालं. जिभेवर आलं होतं. 'नाही,' मी म्हटलं. 'काही नाही.' मी काही संत नाही. पण त्याची झोप मला ठाऊक आहे, बारा वर्षं शेजारी होते. तो उशी दुमडून, कुशी बदलत, सकाळ व्हायची वाट बघायचा आणि सकाळी म्हणायचा, मस्त झोप झाली. ते कोर्टात उघडं करायला माझी जीभ उचलेना. जिन्यातून उतरता उतरता मी त्या अल्बममधून स्वतःला काढून टाकलं. एकदा वाटलं, मूर्खपणा केलास. वाटू दे.

बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि मग खरी भीती आली. इतका वेळ मी विचार करत होते तो त्याचा, ताईचा, न्यायाधीशांचा. टॅब कुणाचा? पोरीचा. घोडा कुणाचा? पोरीचा. आणि पोरगी आता तिसरीत आहे, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा मोठ्याने वाचते. म्हणजे ती ओळ तिनेही वाचली असणार. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण तान्ही होती तेव्हा अंगावर घेणाऱ्याच्या कपड्याचं बटण मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागायची नाही. पाहुण्यांची दोन शर्टं तिने बिनबटणांची केली. ती झोपली की मी झोपायचे, ती उठली की मी उठायचे, आणि तरी त्या दिवसांत मी इतकी थकले नव्हते जितकी या दोन घरांच्या वाटण्यांत थकलेय. चार दिवस माझ्याकडे, तीन त्याच्याकडे, दप्तर इकडे, बूट तिकडे. ती ओळ मी एका रविवारी लिहिली. भांडी पडलेली, पोरगी दूध नको म्हणून रडत होती, आणि मी ताईला लिहिलं. ताईने उत्तरात फक्त लिहिलं होतं, 'ये इकडे, मी बघते तिला, तू झोप.' आणि त्यानंतर, किती, दहाएक दिवसांनी, बटण मला म्हणाली, 'आई, मी या वेळी बाबाकडे आठ दिवस राहणार.' तीन नाही, आठ. मी विचारलं, का गं? तर खाली बघत म्हणाली, 'असंच.' मला वाटलं, झालं, पढवली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिचे कपडे पिशवीत कोंबले, घडी न करता, आणि तिला सोडून आले. त्या आठ दिवसांत मी झोपले नाही. त्या आठ दिवसांतच ती पार्टी झाली, तो फोटो झाला, तो ताप येऊन गेला. नवव्या दिवशी ती परत आली, दारातच, बूट काढायच्या आधी, माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, 'झोप झाली का तुझी?' आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'हे विचारायला तुझ्या बाबाने शिकवलं का?' बस वळली तेव्हा मी समोरचा दांडा धरला. शेजारच्या बाईने विचारलं, 'बरं वाटत नाही का?' मी म्हटलं, नाही वाटत.

लॅबमध्ये एक न्हावी थांबला होता. पुढचा दात तुटलेला, लग्नात नाचताना कुणाचा तरी कोपर लागला म्हणे. रंग जुळवायला दवाखान्याने त्याला थेट माझ्याकडे पाठवला होता. 'बाई, जरा पांढराच द्या,' तो म्हणाला, 'दिवसभर आरशासमोर उभा असतो मी, गिऱ्हाईकाला दिसू दे.' मी म्हटलं, 'तुमचे बाकीचे दात काय घरी ठेवून येणार का? एकटाच पांढरा दिला तर शेजाऱ्यांशी रोज भांडेल तो.' तो हसला आणि तोंडावर हात धरला. हात बाजूला करवून मी पट्टीवरचे रंग एकेक करून त्याच्या दाताशेजारी धरले. पाच सेकंद, पुठ्ठा. पाच सेकंद, पुठ्ठा. त्या राखाडीकडे बघता बघता मला वाटलं, एका ओळीकडे माणसं चार दिवस बघत बसली तर ती बरोबरच वाटायला लागणार त्यांना. सोमवारी न्यायाधीश तेच करतील, वकीलबाई म्हणतील ती वैतागाची भाषा होती, तो वकील म्हणेल नव्हती, आणि माझी ओळ चेंडूसारखी इकडून तिकडे जाईल. नाही. मी लिहिली, मीच वाचणार. उभी राहून, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. लिहिली होती म्हणणार, थकले होते म्हणणार, आणि तिला टाकणार नव्हते आणि नाही, हेही म्हणणार. ज्याला त्यातून काय काढायचं ते काढू दे. हे ठरलं आणि पाठ जरा सरळ झाली. न्हावी म्हणाला, 'बाई, सापडला का रंग?' सापडला, म्हटलं. तो गेल्यावर मी ताईला फोन केला. लिहायचं नव्हतंच, आणि माफी काही लिहून मागायची गोष्ट नाही. 'ताई, मी गाढव आहे,' मी म्हटलं. ती म्हणाली, 'ते मला तू चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे. जेवलीस का?' आणि मग मात्र मी मेणाच्या पातेल्यासमोर उभी राहून रडले. फार नाही. तीनला मी कोट न काढताच निघाले.

गुरुवार त्याचा. त्याला गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून तो नेहमी दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतो, आणि बटण तोवर फाटकाआतल्या बाकावर बसते. मला बघून ती आधी हसली आणि मग घाबरली. 'आज तुझा दिवस नाही.' म्हटलं, माहीत आहे, दहा मिनिटांसाठी आलेय. मी शेजारी बसले. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला मी वाकले, कारण वर बघून बोलायला जमत नव्हतं. 'बटण, तुझ्या टॅबमध्ये माझं आणि मावशीचं बोलणं दिसत होतं. मला माहीत नव्हतं. मी तो जोडला आणि विसरले. चूक माझी आहे, तुझी नाही.' ती माझ्या हातातल्या नाडीकडे बघत होती. 'तू वाचलंस काही?' तिने मान हलवली, हो. इथे माझ्या जिभेच्या टोकावर एक प्रश्न होता. बाबाने त्याचे फोटो काढले का, कधी काढले, तू होतीस का तिथे? तिने खरं सांगितलं असतं आणि वकीलबाईंचा अर्धा खटला तिथेच उभा राहिला असता. मी नाडीची गाठ मारली, मग तिच्यावर दुसरी गाठ मारली, आणि तो प्रश्न गिळला. नऊ वर्षांच्या पोरीला साक्षीदार करायचं नाही, मग काय व्हायचं ते होवो. त्याऐवजी मी वर बघितलं आणि विचारलं, 'तू बाबाकडे आठ दिवस राहिलीस ते कशासाठी, मला सांगशील?' ती म्हणाली, 'तुला झोपायचं होतं ना.' अगदी साध्या आवाजात. जणू मी पाणी मागितलं होतं आणि तिने आणून दिलं होतं. मी विचारलं, ताप आला तेव्हा मला का नाही कळवलंस? 'तू उठली असतीस.'

मी तिला जवळ घेतलं. इतकी जोरात घेतली की ती म्हणाली, 'आई, दप्तर टोचतंय.' मी तिला सांगितलं की मला झोप नको होती, म्हणजे हवी होती, पण तिच्याशिवाय नको होती, मी तिच्याशिवाय झोपलेच नाही. आणि ती परत आली तेव्हा दारात मी जे बोलले ते फार वाईट बोलले. 'हो,' ती म्हणाली, 'मला राग आला होता.' येऊ दे, म्हटलं, बरोबर आहे. तिने माझ्या कोटाचं मधलं बटण धरलं, मोठी झाल्यापासून असं करत नाही ती, आणि फिरवत बसली. मग मी फोन काढला, यादी दाखवली आणि सांगितलं, आता मी हे तोडणार, म्हणजे माझं बोलणं तिथे दिसणार नाही आणि तुला तिथून मला काही पाठवता येणार नाही. 'मी दाबू?' नको, म्हटलं, हे मी दाबायचं. दाबलं. हिरवा ठिपका गेला. ती थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. 'मग चित्रं?' 'कागदावर काढ. मी येऊन घेऊन जाईन.' 'रोज?' 'रोज. दहा मिनिटांसाठी, या बाकावर.'

तेवढ्यात तो आला, चालत, किल्ल्या हातात. मला बघून त्याने आधी खिशातल्या फोनला हात लावला, कुणीतरी त्यालाही नियम सांगितलेले असणार. केस बरेच पिकलेत त्याचे, आणि डोळ्यांखाली ते जुने सावट. 'तू इथे?' तो म्हणाला. मी उभी राहिले. 'दोन गोष्टी सांगते, तोंडाने सांगते. नवव्या पानावरची ओळ माझी आहे. सोमवारी मीच वाचून दाखवणार, तुझ्या वकिलाला तसदी नको. आणि आपल्या जुन्या अल्बममध्ये तुझे फोटो पडत होते, औषधाचासुद्धा. ते मी कुणाला दाखवलं नाही. आता मी त्यातून बाहेर पडलेय, तूही रस्ता बंद कर.' त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. 'वकील म्हणाले, समोर दिसतंय तर ठेवा... मी मुद्दाम नाही...' बोलता बोलता तो थांबला. 'तिने वाचलंय?' मी म्हटलं, सगळं. तो बाकावर बसला, तिच्या दुसऱ्या बाजूला, किल्ल्या गुडघ्यांत धरून. फाटकाशी पोरं एकमेकांच्या टोप्या पळवत होती. बटणने माझं बटण सोडलं नव्हतं. ती आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, हिशेब लागत नसल्यासारखी. मग म्हणाली, 'बाबालापण झोप येत नाही. त्यालापण आठ दिवस द्यायचे होते मला. पण तू झोपलेली असलीस, आणि बाबापण झोपलेला असला, तर तेव्हा मी कुठे राहू?'

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. पाच सेकंदच, पण किती महिन्यांनी. सोळा पानांत हा प्रश्न नव्हता, आमच्या पानांतही नव्हता, कुणाच्याच वकिलाने तो लिहिला नव्हता. मी कोटाच्या खिशातून राखाडी पुठ्ठा काढला, तो उलटा केला, तिच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली, आणि त्या दिवसातलं पहिलं अक्षर लिहिलं. तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत, सावकाश. लिहिताना तो वाकून वाचत होता, आणि मी हात आडवा धरला नाही. 'हे कशाला?' तिने विचारलं. 'सोमवारी आधी माझी ओळ वाचणार,' मी म्हटलं, 'आणि मग ही.' त्याने हात पुढे केला. मला वाटलं, पुठ्ठा काढून घेतोय. त्याने पेन्सिल घेतली आणि प्रश्नाखाली आपली सही केली.